दुसऱ्या पानावरची सही

आमच्या मॅडमची एक विचित्र अट होती. एखाद्या लेखकाचं म्हणणं खोडून काढायचं असेल, तर आधी ते म्हणणं त्याच्या बाजूनं दोन पानांत लिहायचं, ती पानं घेऊन त्याच्या दारात जायचं, त्याला वाचून दाखवायची आणि खाली त्याची सही आणायची. ‘हो, मी असंच म्हटलं आहे’ एवढ्यापुरती. सही आली की मग खुशाल टीका करा. सही नसेल तर निबंध तपासलाच जाणार नाही.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. मी बी.ए.ला होते, वसईच्या एका कॉलेजात. त्याआधीच्या परीक्षेत ‘लेखकाचे मत काहीसे एकांगी वाटते’ हे वाक्य मॅडमना जवळजवळ सगळ्या वर्गाच्या पेपरांत एकाच जागी सापडलं होतं. गाइडमधलं वाक्य. मूळ लेख वाचलेला कुणीच नाही. त्या संतापातून ही अट आली. लेखक जिवंत हवा आणि आपल्याच भागातला हवा, त्यामुळे आम्ही सगळे स्थानिक साप्ताहिकं, ज्ञातीचे वार्षिक अंक, चर्चची पत्रकं धुंडाळू लागलो.

पापडी गावच्या एका मुलानं लग्नातल्या खर्चावरचा एका फादरांचा लेख निवडला. तो सही घेऊन आला तेव्हा आम्ही सगळे त्याच्याभोवती जमलो.

“काय म्हणाले रे?”

“म्हणाले, टीका कर मुला, जरूर कर. पण रविवारी चर्चमध्ये मिस्सालाही येत जा, तिथं दिसत नाहीस तू. आणि माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, लाल पेनानं. आता ही पानं मॅडमना कशी देऊ?”

आम्ही खूप हसलो. मीही हसले. तोवर माझं काही बिघडलं नव्हतं.

त्या अटीतून मी पळवाट काढली. त्या पळवाटेपायी एका म्हाताऱ्या माणसाचा स्वतःच्या कानांवरचा, स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा उडाला. हे मी आजवर एकदाच सांगितलं आहे, ज्यांना सांगायला हवं होतं त्यांनाच, आणि तेही फार उशिरा.

आम्ही फुलपाड्यात राहायचो. वडील मुंबईत कारकून. रत्नागिरीकडचं घर भावांच्या स्वाधीन करून त्यांनी इथं ब्लॉक घेतला होता. ब्लॉकला खिडक्या होत्या, गॅलरी होती, नळही होते. नळांना पाणी नव्हतं. पाणी टँकरनं यायचं, कधी सकाळी, कधी दुपारी, कधी नाहीच. आमचं सगळं घर टँकरच्या हॉर्नवर कान ठेवून जगायचं. वडील संध्याकाळी दारात चपला काढता काढता विचारायचे, “टँकर आला होता?”

“आला असता तर मी अशी केस विंचरत बसले असते का?” आई म्हणायची. “घामोळं घेऊन झोपा आज.”

टँकर आला की आई हंडा घेऊन जिन्यावरून जवळजवळ पळायची. एकदा ती घसरली आणि पाय मुरगळला, तरी हंडा सोडला नाही. तिनं तो कसा छातीशी धरला होता ते मला अजून दिसतं.

तर अशा घरातल्या मुलीच्या हाती गास गावच्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचा लेख पडला. टँकरला विहिरीचं पाणी देणं गावानं थांबवावं, असा. साप्ताहिकात ते अधूनमधून लिहायचे. वाडी, केळीवरचे रोग, शाळेतल्या गळक्या कौलांवर. सगळे त्यांना गुरुजीच म्हणत, मीही तेच म्हणते. लेखात एक वाक्य होतं: ‘ज्यांनी पाणी न पाहता घरे घेतली, त्यांच्या तहानेला आमच्या विहिरी बांधील नाहीत.’

ते वाचून मी पेटले. हा माझ्या आईबद्दलच बोलतोय असं वाटलं. पुढचं वाचलं नाही असं नाही, वाचलं; पण रागात वाचलेलं डोक्यात शिरत नाही. त्या एका वाक्याच्या जोरावर मी सारांशाची दोन पानं खरडली आणि गास गाठलं.

घर वाडीतच होतं. पुढे ओटी, कडेला जास्वंद, मागे केळी. गुरुजी ओटीवर आरामखुर्चीत बसले होते, डोळ्यांना मोठा काळा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. एका डोळ्याला चष्म्याच्या आत हिरवी पट्टी, दुसऱ्यानं अंधुक दिसायचं.

“कोन आलंय गो?” त्यांनी आत सुनेला विचारलं. माझा आवाज ऐकल्यावर त्यांची भाषा एकदम पुस्तकातली झाली. “या, बसा. कॉलेजातून आलात?”

मी अट सांगितली. विरोधात लिहायचंय, पण आधी तुमचं म्हणणं मला बरोबर कळलंय यावर तुमची सही हवी. ते खुर्चीत पुढे सरकून बसले. मला वाटलं आता चिडतील. उलट चेहरा उजळला.

“इतकी वर्षं लिहितोय. कुणी ‘छान होतं गुरुजी’ म्हणतं, कुणी काहीच म्हणत नाही. विरोध करायला घरापर्यंत आलेली तू पहिलीच, बाय.”

“इरोध पायजे तर आमी हाव की घरात,” आतून त्यांची सून म्हणाली. ती चहा घेऊन बाहेर आली, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, कमरेला पदर खोचलेली.

“तुजा इरोध मिठाला,” गुरुजी म्हणाले, आणि मला समजावलं, “डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. हिला दुसरा मुद्दाच नाही.”

मग मी वाचू लागले. अर्ध्या पानावर त्यांनी हात वर केला.

“थांब. ‘पण’च्या पुढचं कुठं गेलं?”

“कुठला ‘पण’, गुरुजी?”

त्यांनी लेख न बघता, डोळ्याला पट्टी असलेल्या त्या अवस्थेत, स्वतःचं म्हणणं सगळं सांगितलं. खाडी जवळ आहे. विहिरीतून रात्रंदिवस उपसा केला की खाडीचं खारं पाणी आत सरकतं. एकदा सरकलं की मागे जात नाही. म्हणून टँकर बंद. पण ते बांधकामासाठी. पिण्याचं पाणी कुणालाही नाही म्हणायचं नाही, मग तो फुलपाड्याचा असो की आणखी कुठला. त्यासाठी विहिरींची पाळी लावा, प्रत्येक विहिरीला विश्रांतीचा दिवस ठेवा, पाणी जरा मचूळ लागलं की ती विहीर थांबवा. विहीर राहिली तर तुम्हालाही पाणी, आम्हालाही.

“लिहिलंस?”

“लिहिते.”

मी समासात, ओळींच्या मध्ये, बाण काढून सगळं लिहून घेतलं. पहिलं पान खाडाखोडीनं भरून गेलं. पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं. पाळीचं वाचलं, विश्रांतीच्या दिवसाचं वाचलं. ते मान डोलवत ऐकत होते, शेजारच्या खांबावर बोटानं ताल धरल्यासारखं करत. दुसऱ्या पानावर फक्त शेवटच्या ओळी होत्या: ‘एकंदरीत, गावाच्या पाण्याबाबत पहिला निर्णय गावाचा असावा, असे लेखकाचे मत आहे.’ त्याखाली मी त्यांचा हात धरून पेन टेकवलं. सही तिरकी आली.

“आता कर टीका,” ते म्हणाले. “चांगली जोरात कर. मी उत्तर देईन. डोळे जरा सुधारू देत.”

निघताना त्यांच्या सुनेनं माझ्या हातात केळी ठेवली.

मी घरी येऊन टीका लिहायला बसले आणि पेन पुढे सरकेना. टीका करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यांचं म्हणणं पुरतं मांडल्यावर मला ते पटत होतं. माझ्या आईच्या हंड्याची काळजी त्या माणसानं माझ्याहून जास्त केली होती. मी बसून राहिले. दुपार टळली. आई म्हणाली, “काय गं, पेन चघळून पोट भरणार आहेस का?”

पटलं तर पटलं असं लिहावं, हे मला सुचलं नाही असं नाही. पण निबंधाचं नावच ‘टीकात्मक प्रतिसाद’. लेखकाशी सहमत होणारा निबंध म्हणजे कोरा पेपर, अशी माझी समजूत. मॅडम तसं कधी म्हणाल्या नव्हत्या. मीही कधी विचारलं नाही. मला भीती होती ती वेगळीच. वर्गात मी हुशार समजली जायचे, आणि हुशार मुलगी म्हणजे जी समोरच्याला चूक ठरवते ती, एवढंच मला ठाऊक होतं.

पहिलं पान तसंही स्वच्छ लिहून काढायचंच होतं. खाडाखोडीचं पान मॅडम घेत नसत. मी नवा फुलस्केप घेतला. पहिल्या काही ओळी जशाच्या तशा उतरल्या. ‘ज्यांनी पाणी न पाहता घरे घेतली’ हे वाक्य आलं, तेही त्यांचंच. त्यानंतर ‘पण’ यायचा होता. माझं पेन तिथं थांबलं. मग मी पुढच्या ओळीवर गेले. पान जरा मोठ्या अक्षरात लिहिलं म्हणजे ते दुसऱ्या पानाला नीट जाऊन भिडलं. एकही शब्द खोटा नव्हता. दुसरं पान, सहीचं, मी बदललं नाही. टाचणी लावली. जुनं पान फाडून चुलीजवळच्या रद्दीत टाकलं आणि हात धुतले. हात धुतल्याचं मला आठवतं, कारण पिंपात पाणी कमी होतं आणि आई ओरडली होती.

त्यानंतर टीका भराभर आली. तहानलेल्या माणसाला घराचा पत्ता विचारणारा गाव कसला, वगैरे. मलाच माझ्या वाक्यांचं कौतुक वाटत होतं.

मॅडमनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. खालची सही उंच धरून दाखवली. “याला म्हणतात पद्धत,” त्या म्हणाल्या. “ज्याच्यावर टीका केली आहे त्यानं स्वतः मान्य केलंय की हे माझं म्हणणं आहे. आता हिच्या टीकेला वजन आलं.” मी वहीत डोकं खुपसलं. पापडीचा तो मुलगा मागून कुजबुजला, “तुझ्या लेखकाला शुद्धलेखन येत नाही वाटतं. एकही चूक काढली नाही.”

तेवढ्यावर राहिलं असतं तर कदाचित मी विसरून गेले असते. पण मॅडमनी उत्साहानं निबंध त्याच साप्ताहिकाकडे पाठवला, आणि त्यांनी तो छापला. वर चौकटीत लिहिलं होतं, की मूळ लेखकानं हा सारांश ऐकून, मान्य करून त्यावर सही केली आहे. सही होती म्हणून मूळ लेख पुन्हा काढून कुणी पाहिला नाही.

अंक आला त्या दिवसापासून माझी झोप गेली. इमारतीत माझा सत्कार व्हायचा बाकी होता. कुणीतरी निबंधाची झेरॉक्स काढून जिन्याखालच्या फळ्यावर लावली. टँकरच्या रांगेत बायका आईला म्हणायच्या, “तुमच्या पोरीनं बरं सुनावलं त्या गाववाल्यांना.” आई हंडा सावरत हसायची. मी जिना उतरताना फळ्याकडे न बघता उतरायचे. दारावरची बेल वाजली की मी आतल्या खोलीत जायचे. कॉलेजात शिपाई वर्गाच्या दारात दिसला की वाटायचं, मलाच बोलवायला आलाय. गुरुजींना अजून दिसत नाही, कुणी वाचून दाखवणार नाही, असं मी स्वतःला समजवायचे. मग वाटायचं, सून वाचेल की. तिला वाचता येतं. मग वाटायचं, तिला कामातून वेळ कुठला. असं दिवसभर चालायचं. जेवताना आई विचारायची, “तोंड का असं? आता तर तुझं नाव छापून आलंय.”

शेवटी शिपाई आलाच.

स्टाफरूममध्ये गुरुजी बसले होते. पट्टी निघाली होती. जाड भिंगांचा नवा चष्मा. धोतर, कोट, हातात छत्री. मागे त्यांची सून उभी. मॅडमच्या समोर माझा निबंध, टाचणी लावलेला.

सुनेनंच सुरुवात केली. गावच्या सभेत पाण्याचा विषय निघाला, तेव्हा कुणीतरी अंक काढून सगळ्यांसमोर वाचला. “म्हनाले, गुरुजी, शेरातल्या मानसांनी तहानेनं मरावं असं सही करून दिलंत? टँकरवाले मोठमोठ्यानं हसत व्हते. पाळीबिळीचं कोनी ऐकूनच घेतलं नाय.” विषय बाजूला पडला होता. टँकर चालू राहिले.

“मी भांडायला नाही आलो,” गुरुजी म्हणाले. “मला फक्त बघायचंय, मी कशावर सही केली.”

मॅडमनी पानं त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी बोट ठेवून पहिलं पान वाचलं, सावकाश, ओळ न् ओळ. मग टाचणीवरून ते पान उलटलं. सहीवर बोट थांबलं.

“सही माझीच.”

“गुरुजी, तिनं तुम्हाला हे वाचून दाखवलं होतं?” मॅडमनी विचारलं.

ते माझ्याकडे वळले. जाड भिंगांमागे त्यांचे डोळे फार मोठे दिसत होते. त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“मला असं आठवतं, बाय, की पाळीचं तू वाचलं होतंस. विश्रांतीच्या दिवसाचंही. मीच ते लिहून घ्यायला सांगितलं. वाचलं होतंस ना?”

आजही मी ते क्षण उलगडते तेव्हा मला वाटतं, सगळं अजून वाचवता आलं असतं. पान बदलणं ही चोरीच होती, पण ती तिथं, त्या टेबलावर, परत करता आली असती. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मला मॅडमचे डोळे दिसत होते, वर्ग दिसत होता, जिन्याखालचा फळा दिसत होता, रांगेत हसणारी आई दिसत होती.

“नाही, गुरुजी,” मी म्हटलं. “होतं तेवढंच वाचलं.”

“कच्चं पान आहे का तुझ्याकडे?” मॅडमनी विचारलं.

“टाकून दिलं, मॅडम.” हे खरं होतं. त्या एका खऱ्या वाक्याच्या आधारानं मी उभी राहू शकले.

खांबावर ताल धरणारं ते बोट आता टेबलावर निश्चल पडलं होतं.

“मग माझंच चुकलं,” ते म्हणाले. “मला ऐकल्यासारखं वाटलं. जे ऐकायचं होतं ते मनातच ऐकलं असेल.”

“चला, बाबा,” सून त्यांच्या कोपराला धरून म्हणाली, आणि मॅडमना हलक्या आवाजात, “ऑप्रेशन झाल्यापासून असंच व्हतंय त्येंचं.”

तसं काही होत नव्हतं. ऑपरेशन डोळ्याचं झालं होतं. पण तिथं सगळ्यांना ते कारण पटलं, आणि सर्वांत आधी गुरुजींना पटलं. दारात त्यांनी वळून मला म्हटलं, “टीका चांगली लिहिलीस हो.”

मॅडमनी पुढे कधी तो विषय काढला नाही. पण पुढच्या वर्षीपासून त्यांच्या अटीत थोडी भर पडली: सही प्रत्येक पानावर हवी. खालच्या वर्गातल्या मुली माझ्याकडे तक्रार करत आल्या, “काय गं हा जाच?” मी हसून विषय बदलला. मॅडमना कळलं होतं की ती नुसती सावधगिरी होती, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मॅडमशी मी त्यानंतर नजर चुकवूनच बोलले. निकाल चांगला लागला. तोही मी नजर चुकवूनच पाहिला.

साप्ताहिक मी घेत राहिले. गुरुजींचं उत्तर येईल म्हणून आधी घाबरत उघडायचे. मग महिने गेले, आणि उत्तर यावं म्हणून उघडू लागले. आलं नाही. उत्तरच काय, केळीवरच्या रोगावर नाही, कौलांवर नाही, त्यांचं काहीच पुन्हा छापून आलं नाही. मी स्वतःला सांगायचे, वय झालं असेल. वय म्हटलं की सगळं झाकलं जातं.

आणि मी काय झाले, तर शिक्षिका. नालासोपाऱ्याकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवू लागले. मुलांच्या निबंधांच्या समासात लाल शाईनं लिहायचे: ‘लेखकाचे म्हणणे अपुरे मांडले आहे. आधी त्याला पूर्ण बोलू द्या.’ मुलं मला फार काटेकोर समजायची. गासकडे जाणाऱ्या रस्त्याला मी कधी वळले नाही. तिकडच्या कुणाचं लग्न असलं की काहीतरी कारण काढायचे. बाजारात काळा चष्मा लावलेला कुणी म्हातारा दिसला तर समोरच्या दुकानात शिरायचे, नको असलेल्या वस्तूंचे भाव विचारत.

मग नवं शतक लागून दोनतीन वर्षं झाली असतील. वर्गात ‘माझ्या ओळखीची एक वल्ली’ अशा विषयावर मुलं तोंडी बोलत होती. गासची एक मुलगी उठली.

“मॅडम, आमच्याकडे एक आजोबा आहेत ना, ते कशावरपण सही करत नाहीत. पोस्टमन रजिस्टर घेऊन आला तरी दोन जणांना बोलवतात. आधी एक वाचणार, मग दुसरा वाचणार. दोघांचं सेम आलं की मगच सही. पोरं मुद्दाम वेगवेगळं वाचतात, मॅडम! मग ते जाम घाबरतात.”

वर्ग खो खो हसला. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. खडू हातात मोडला होता.

त्या रविवारी मी गासला गेले. घर तेच, ओटीला आता फरशी. वाडीतली केळी विरळ. गुरुजी कॉटवर भिंतीला टेकून बसले होते, अंगानं अर्धे झालेले. मी नाव सांगितलं नाही, कॉलेजचं आणि निबंधाचं सांगितलं. त्यांच्या सुनेनं मला ओळखलं, ती दाराच्या चौकटीत थांबली. मी बसले नाही. बसले असते तर इकडचंतिकडचं बोलून परत आले असते.

“गुरुजी, त्या दिवशी कॉलेजात मी खोटं बोलले. मी तुम्हाला सगळं वाचून दाखवलं होतं. नंतर घरी जाऊन मी पहिलं पान बदललं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, ऐकू आलं नाही. पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले,

“पाळीचं वाचलं व्हतंस?”

“वाचलं होतं.”

“इस्रांतीच्या दिवसाचं?”

“तेही. तुम्हीच लिहून घ्यायला लावलंत. मग पहिल्यापासून वाचून दाखवलं.”

“आनि मी ते आयकलं.”

“हो, गुरुजी. तुम्ही बरोबर ऐकलंत.”

माझ्याशी ते कधी घरच्या बोलीत बोलले नव्हते. आता त्यांना समोर कोण आहे याचं भान उरलं नसावं.

“म्हंजे माजं डोकं ठीक व्हतं,” ते म्हणाले. आणि एकदम मांडीवर थाप मारून हसले. “आयकलंस का गो? तवा माजं डोकं ठीक व्हतं! मी बरोबर सांगत व्हतो!”

सुनेनं मान खाली घातली.

त्यांचं हसू हळूहळू थांबलं. ते कशाची तरी जुळणी करत असल्यासारखे भिंतीकडे बघू लागले. “मग मी लिवायचं का सोडलं?” त्यांनी विचारलं, मला नव्हे, कुणालाच नव्हे. “वाडीचं बगायचं का सोडलं? मना वाटलं, आपन आयकतो एक नि समजतो दुसरंच. पोराला म्हटलं, तूच बग बाबा आता, माजा भरवसा नाय.” पोरानं काय केलं ते ओटीवर ठेवलेल्या प्लास्टिकच्या कॅनवरून दिसतच होतं. विहीर टँकरला दिली गेली होती, आणि तिचं खारं झालेलं पाणी आता पिण्याजोगं राहिलेलं नव्हतं.

“गुरुजी, मी हे सगळं लिहून देते. साप्ताहिकात छापायला देते, माझ्या नावानं.”

“कोन वाचनार आता? ज्यांनी तवा वाचलं ते अर्दे गेले.” त्यांनी डोळे मिटले. “तू आता जा, बाय.”

त्या आवाजात क्षमा होती की नाही, हे मी इतक्या वर्षांत ठरवू शकलेले नाही. बहुधा नव्हती. मला ती मागायचीही होती की नाही, कोण जाणे. माझ्या तोंडून तो शब्द निघालाच नाही.

त्यांची सून फाटकापर्यंत आली. मला वाटलं आता मला शिव्या घालील. मी थांबून राहिले, शिव्या पुऱ्या ऐकून मगच जायचं असं ठरवून. तिनं पदरानं तोंड पुसलं.

“तुमी एकदा खोटं बोललात,” ती म्हणाली. “आमी त्येंना रोज बोललो. जेवलात की नाय ते तरी आठवतं का, असं. नातवंडांसमोर. ते काय सांगायला लागले की मी म्हनायची, बाबा, तुमी गप बसा, तुमाला काय समजतं.” ती फाटकाचा कोयंडा उगाचच लावत-काढत होती. “ते गप बसायचे हो. ऐकून गप बसायचे.”

मी म्हटलं, “वहिनी, तुमची काय चूक? तुम्हाला तर मीच...”

“नको,” ती म्हणाली. “ते नका सांगू मना.”

आतून गुरुजींची हाक आली, “अगो, कुठं गेलीस?” आवाजात अजून मघाची ती खुशी होती, त्यांना काहीतरी आणखी आठवलं असावं. ती जागची हलली नाही. मी फाटक ओढून घेतलं आणि रस्त्याला लागले. वळणावर पोचेतो त्यांनी पुन्हा हाक मारली. मी मागे पाहिलं, तेव्हा ती तशीच फाटकाशी उभी होती, घराकडे पाठ करून.